काकू नरकात गेल्या, असं माझा धर्म म्हणत नाही

शेजारच्या काकूंच्या दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर उभे होतो. पिंड ठेवून पाऊण तास होऊन गेला तरी कावळा शिवत नव्हता. समोरच्या झाडावर पाच-सहा बसलेले, पण एकही खाली उतरेना. कुणी म्हणालं, नातवाच्या लग्नात जीव अडकला असेल. काकूंची मुलगी, माझी पाचवीपासूनची मैत्रीण, पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "आई, पोराचं लग्न मी नीट करीन. तू जा आता." थोड्या वेळाने एक कावळा उतरला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही.

त्याच रात्री तिने मला व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिची स्वतःची एकच ओळ होती : "तुमच्यात खरंच असं शिकवतात का गं? आईबद्दलही?"

फॉरवर्ड थोडक्यात असा : "कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण वाचा. बाप्तिस्मा न घेतलेला प्रत्येक माणूस नरकात जातो. १४४२ च्या परिषदेचा तसा ठराव आहे. म्हणजे कर्मवीर अण्णा नरकात, गाडगेबाबा नरकात, तुमची आजी नरकात. बाप्तिस्म्याआधी दगावलेलं तान्हं बाळसुद्धा नरकात. बाप्तिस्मा घेतलेला खुनी मात्र स्वर्गात, पैसे भरले की पाप माफ. १९६५ साली जगासमोर लाज वाटली म्हणून त्यांनी शिकवण फिरवली. आता तर पोपच म्हणाले की नास्तिकही स्वर्गात जातो. मग धर्मांतरं कशाला?" शेवटी 'किमान पाच ग्रुपवर पाठवा'. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तो आला होता, सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, माझ्या पुतणीला तिच्या इस्लामपूरच्या कॉलेजच्या ग्रुपवरही आला होता.

मी कॅथलिक आहे. माझे वडील राहुरीकडचे, साखर कारखान्यात फिटर म्हणून सांगलीला आले आणि इथलेच झाले. गेली पंधरा वर्षं मी रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, मुलांना धर्मशिक्षण देते. त्यामुळे 'तुमच्यात काय शिकवतात' या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर येते. मैत्रिणीला फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण फॉरवर्ड फिरतोच आहे, म्हणून सगळं नीट लिहून काढते.

आधी एक खुलासा. सांगली-मिरजेत 'मिशनवाले' म्हटलं की सगळे ख्रिस्ती एकाच माळेचे मणी धरले जातात. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभं केलं, ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट. सातारा-वाईकडे काम केलेलं अमेरिकन मिशनही प्रॉटेस्टंटच. कॅथलिक या भागात मूठभर. तारण, म्हणजे मरणानंतर देवाजवळ पोहोचणं, कुणाचं होतं यावर या सगळ्या पंथांची उत्तरं सारखी नाहीत, आणि काहींची खरोखरच कडक आहेत. त्यांच्या वतीने मी बोलू शकत नाही. फॉरवर्डमध्ये नाव कॅथलिक चर्चचं आहे, म्हणून कॅथलिक चर्चपुरतं बोलते.

आता १४४२. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो खोटा नाही. फ्लॉरेन्सला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ४ फेब्रुवारी १४४२ रोजी इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांशी एकीचा करार केला. त्या दस्तऐवजात लिहिलं आहे की चर्चच्या बाहेर असलेले, म्हणजे मूर्तिपूजकच नव्हे तर यहुदी, पाखंडी आणि फुटून निघालेलेही, मरणाआधी चर्चमध्ये आले नाहीत तर अनंत अग्नीत जातील. शब्द कठोर आहेत. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होते. ते शब्द नाहीतच असं आमच्यातलं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

पण ते कुणाला उद्देशून होते आणि लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जग केवढं होतं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही. 'चर्चबाहेर तारण नाही' हे सूत्र तिसऱ्या शतकातलं, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचं. सम्राट डेसियसने २५० साली ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला. कुणी टिकले, कुणी घाबरून देवतांना धूप जाळला, आणि नंतर या घाबरलेल्यांना परत घ्यायचं की नाही यावरून फूट पडून वेगळे गट निघाले. सिप्रियन यांचा रोख त्या फुटणाऱ्यांवर होता. आपलं घर मोडून जाणाऱ्या माणसांना दिलेली ती ताकीद होती. हजारो मैलांवर, येशूचं नावही कानावर न पडलेल्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याबद्दल सिप्रियन काही बोलतच नव्हते. त्यांच्याही शंभर वर्षं आधी जस्टिन नावाच्या हुतात्म्याने लिहून ठेवलं होतं की सॉक्रेटिससारखी माणसं देवाच्या शब्दानुसार जगली, म्हणून तीही ख्रिस्ताचीच. सॉक्रेटिस तर येशूच्या जन्माआधी चारशे वर्षं वारलेला. आणि पोप सातवे ग्रेगरी यांनी १०७६ साली आजच्या अल्जीरियातल्या एका मुसलमान राजाला पत्र लिहिलं, त्यात म्हटलं की तुम्ही आणि आम्ही एकाच देवाला मानतो, रीत तेवढी वेगळी. तेव्हा परंपरेत कठोर आवाज होता तसा हाही आवाज पहिल्यापासून होता.

मध्ययुगातल्या युरोपची समजूत अशी होती की सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, एव्हाना जगभर पोहोचली आहे. म्हणजे आता जो बाहेर आहे तो सत्य कळूनही नाकारतो आहे. फ्लॉरेन्सच्या वाक्यामागे ही समजूत आहे. पन्नास वर्षांनी, १४९२ साली, कोलंबस पलीकडच्या किनाऱ्याला लागला आणि ती समजूत कोलमडली. अख्खं खंडच्या खंड, लाखो माणसं, आणि ख्रिस्ताचं नाव कुणाच्या कानी नाही! यांना कुठल्या गुन्ह्याची शिक्षा? स्पेनमध्ये सालामान्का विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचे डॉमिनिकन धर्मगुरू होते. १५३९ साली त्यांनी वर्गात स्पष्ट सांगितलं की ज्यांनी ऐकलंच नाही त्यांच्यावर अविश्वासाचं पाप येत नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्यांना फक्त सांगितलं गेलं, आणि तेही तलवार, लूट आणि वाईट वागणुकीबरोबर, त्यांनी विश्वास ठेवला नाही तर तोही त्यांचा दोष नाही, असं ते म्हणाले. आपल्याच राजाचे सैनिक तिकडे लुटालूट करत असताना असं बोलायला छाती लागते.

म्हणून 'चर्चबाहेर तारण नाही' याचा अर्थ आज आमचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ सरळ शब्दांत सांगतो : ज्याचं कुणाचं तारण होतं, त्याचं ख्रिस्ताकडून आणि ख्रिस्ताचं शरीर असलेल्या ख्रिस्तसभेमार्फत, म्हणजे चर्चमार्फत, होतं. कुणाचं होतं याची यादी त्यात नाही. मुलांना मी हे पाण्यावरून सांगते. सांगलीत नळाला येतं ते पाणी कृष्णेचं. एखाद्या म्हातारीने उभ्या जन्मात नदी पाहिलेली नसेल, पाणी कुठून येतं ते तिला ठाऊक नसेल, तरी तिची तहान कृष्णाच भागवते. हिंदू वाचकाला हे पटेलच असं नाही. 'आमचं पाणी तुमच्या नदीचं कसं?' असं तो विचारू शकतो, आणि तो वाद करण्यासारखा आहे. पण 'नदीकाठी न आलेला प्रत्येकजण तहानेने मेला' हे जे फॉरवर्ड आमच्या तोंडी घालतो, ते आम्ही म्हणत नाही.

"१९६५ साली लाज वाटून फिरवली." साल चुकलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा चर्चविषयीचा दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ चा. त्याच्या सोळाव्या परिच्छेदात म्हटलं आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त किंवा त्याची सभा कळली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला कळेल तशी त्याची इच्छा पाळायचा प्रयत्न करतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकतं. १९६५ चा दस्तऐवज इतर धर्मांशी नातं कसं असावं याविषयीचा आहे, त्यात हिंदू धर्माचा नाव घेऊन आदराने उल्लेख आहे. पण साल ही किरकोळ गोष्ट. मुळात हे त्या वर्षी आभाळातून पडलं नाही.

मागे मागे जाऊ. १९४९ : अमेरिकेत बॉस्टनला लिओनार्ड फीनी नावाचे एक जेझुइट फादर नेमकं हेच शिकवू लागले होते, जे हा फॉरवर्ड आमची शिकवण म्हणून सांगतो : कॅथलिक नाही तो नरकात, विषय संपला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी रोमहून, म्हणजे पोपच्या कार्यालयाकडून, बॉस्टनच्या आर्चबिशपांना पत्र आलं की हा अर्थ चुकीचा आहे. माणूस प्रत्यक्ष सभासद नसला तरी इच्छेने जोडलेला असू शकतो, आणि ती इच्छा त्याला स्वतःला उघड माहीत असायलाच हवी असंही नाही. फीनी ऐकेनात, रोमला बोलावलं तरी गेले नाहीत, आणि १९५३ साली आज्ञाभंगासाठी त्यांना चर्चबाहेर काढण्यात आलं. १९७२ मध्ये त्यांना परत घेतलं. 'चर्चबाहेर तारण नाही' याचा सर्वांत कडक अर्थ लावणाराच चर्चच्या बाहेर गेला होता.

१८६३ : नववे पायस हे काही उदारमतवादी पोप नव्हते, आधुनिक विचारांशी त्यांचं उभं वैर होतं. त्यांनी इटलीच्या बिशपांना लिहिलं की आमच्या धर्माविषयी ज्यांचं अज्ञान त्यांना स्वतःहून दूर करता येण्यासारखंच नाही, पण जे देवाने सगळ्यांच्या हृदयावर कोरलेला नैतिक नियम पाळून सचोटीने जगतात, ते देवाच्या प्रकाशाने आणि कृपेने सार्वकालिक जीवनाला पोहोचू शकतात. १७१३ : 'चर्चबाहेर कृपा मिळतच नाही' हे एका फ्रेंच लेखकाचं विधान पोप अकरावे क्लेमेंट यांनी चुकीचं ठरवून रद्द केलं. १५४७ : ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा आवश्यक म्हटलं आणि त्याच वाक्यात 'किंवा त्याची इच्छा' हे शब्द घातले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांना प्रश्न पडला होता की रानात लांडग्यांमध्ये वाढलेल्या माणसाचं काय? त्यांचं उत्तर : तो अंतःकरणातल्या उजेडाप्रमाणे चांगलं धरत, वाईट टाळत जगला तर देव त्याला अंधारात सोडणार नाही, आतून सांगेल किंवा कुणाला तरी पाठवेल.

शिकवण वाढली, तिच्यावरचा जोर बदलला, हे मी मान्य करते. १४४२ चं वाक्य आणि १९६४ चं वाक्य शेजारी ठेवले की फरक कुणालाही दिसेल. पण एका रात्रीत लाज वाटून केलेली पलटी हे त्याचं वर्णन नाही.

तान्ह्या बाळाच्या मुद्द्यावर मी थांबते, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझ्या आजीचं पहिलं बाळ जन्मल्यावर काही तासांतच गेलं. राहुरीकडचं खेडं, पावसाळा, फादर दुसऱ्या गावी. बाप्तिस्मा झाला नाही. तेव्हाच्या फादरांनी बाळाला दफनभूमीच्या आत जागा दिली नाही, कुंपणाच्या बाहेर, निवडुंगाच्या कडेला पुरलं. आजी पंच्याऐंशी वर्षांची होऊन गेली. शेवटच्या वर्षी स्मृती गेली होती, माणसं ओळखत नव्हती, पण दुपारी मध्येच उठून बसायची आणि म्हणायची, "त्याला आत घ्या रे, बाहेर पाऊस लागतोय." तेव्हा हा मुद्दा हवेतून आलेला नाही, हे मला कुणी सांगायला नको. संत ऑगस्टिन यांनी अशा बाळांबद्दल फार कठोर लिहिलं. पुढे मध्ययुगातल्या पंडितांनी 'लिंबो' नावाची एक मधली जागा कल्पिली : तिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. कित्येक पिढ्यांना ती श्रद्धेचा भाग म्हणून शिकवली गेली. मात्र लिंबो ही चर्चची बंधनकारक शिकवण कधीच नव्हती.

आज शिकवण काय आहे? १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात या बाळांना देवाच्या दयेवर सोपवलं आहे, आणि मुलांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणाऱ्या येशूच्या प्रेमामुळे त्यांच्या तारणाची आशा धरता येते असं सांगितलं आहे. त्याच ग्रंथात आणखी एक वाक्य आहे : देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराला बांधलं, पण देव स्वतः आपल्या संस्कारांना बांधलेला नाही. २००७ साली रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगाने याच एका विषयावर अख्खा अहवाल दिला, आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने तो प्रसिद्ध झाला. या आशेला भक्कम आधार आहे, असं त्यात म्हटलं आहे. आईवडिलांचा बाप्तिस्मा द्यायचा विचार होता पण त्याआधी बाळ गेलं, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा रीतसर अंत्यविधी करता येतो, हे १९८३ च्या चर्चच्या कायद्यातच आहे. आजीला हे कळायला हवं होतं. तिच्यावर अन्याय झाला असं मी उघड म्हणते, आणि तो आमच्याच माणसांनी केला.

"बाप्तिस्मा घेतलेला खुनी स्वर्गात." १९६४ च्या ज्या दस्तऐवजावर इतका वाद होतो, त्यातच लिहिलंय की चर्चमध्ये असूनही जो प्रेमात टिकत नाही, जो शरीराने आत आहे पण मनाने नाही, त्याचं तारण होत नाही. आणि पुढे असंही, की ज्याला जास्त मिळालं त्याने त्याप्रमाणे वागून दाखवलं नाही तर त्याचा न्याय जास्त कडक होईल. 'प्रभू, प्रभू म्हणणारा प्रत्येकजण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही' हे येशूचंच बोलणं. खुनी पश्चात्ताप करून, झालेलं नुकसान भरून द्यायची मनापासून इच्छा धरून देवाकडे वळला तर त्यालाही क्षमा आहे, हे खरं. येशूच्या शेजारच्या क्रूसावरचा चोर शेवटच्या घटकेला वाचला. पण बाप्तिस्म्याचा दाखला हा काही रेशनकार्डासारखा दाखवायचा कागद नव्हे.

पैशाचं एवढंच. सोळाव्या शतकात दंडमाफीच्या, म्हणजे पापाबद्दल भोगायची शिक्षा कमी करण्याच्या, नावाखाली बाजार मांडला गेला, त्यावरूनच १५१७ नंतर युरोपात चर्च फुटलं. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये त्या कमाईवर बंदी घातली आणि पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये पैशाशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या रद्द केल्या. पाप तेव्हाही पैशाने माफ होत नव्हतं. त्याला पश्चात्ताप आणि पापनिवेदनच लागतं. साडेचारशे वर्षांपूर्वी बंद झालेलं दुकान आज चालू आहे म्हणून सांगणं बरोबर नाही.

आता पोप फ्रान्सिस. २२ मे २०१३ रोजी सकाळच्या मिस्सात ते म्हणाले की ख्रिस्ताच्या रक्ताने सगळ्यांना सोडवलं आहे, फक्त कॅथलिकांना नव्हे, नास्तिकांनाही. चांगलं करत राहू या, तिथे आपली भेट होईल. दुसऱ्या दिवशी जगभर बातमी : 'नास्तिक स्वर्गात जातात, पोप म्हणाले'. ते असं म्हणाले नव्हते. ख्रिस्ताने सगळ्यांसाठी किंमत मोजली ही एक गोष्ट. ती प्रत्येकाने स्वीकारली का, ही दुसरी. अख्ख्या गावाला पंगतीचं आमंत्रण असतं, पण पाटावर बसायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी कळून-सवरून, शेवटपर्यंत पाठच फिरवली तर देव ओढून बसवत नाही, आणि नरक या शब्दाचा आमच्याकडे हाच अर्थ आहे. म्हणून 'सगळे आपोआप जाणार' हेही आम्ही शिकवत नाही. 'सगळे धर्म सारखेच' असंही नाही, आणि २००० साली रोमने ते स्पष्ट लिहून दिलं तेव्हा पुष्कळांना ते झोंबलं. मला ते लपवायचं नाही. ख्रिस्त एकच तारणारा आहे असं मी मानते. पण तो कुणाला, कुठल्या वाटेने, कसा भेटतो हे मोजायची पट्टी त्याने माझ्या हातात दिलेली नाही.

"मग धर्मांतरं कशाला?" सदसद्विवेकाविरुद्ध कुणावरही जबरदस्ती करायला चर्चच्या कायद्यातच मनाई आहे, आणि १९६५ च्या मिशनविषयक दस्तऐवजात आमिष दाखवण्यालाही बंदी आहे. कुणी ते मोडत असेल तर तो आमच्याही नियमाने दोषी आहे. मी मुलांना येशूबद्दल सांगते ते शेजारी नरकात पडतील या भीतीने नव्हे. मला जो भेटला, ज्याने मला वडील गेले तेव्हा उभं ठेवलं, त्याच्याबद्दल गप्प राहणं मला जमत नाही, म्हणून सांगते.

कर्मवीर अण्णांचं नाव फॉरवर्डमध्ये मुद्दाम घातलं आहे, सातारा-सांगलीच्या माणसाचं रक्त उसळावं म्हणून. उसळतंच. माझे सासरे रयतच्या शाळेत शिकले, आमच्या घरात अण्णांचा फोटो आहे. १९२४ साली साताऱ्यात अण्णांनी सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवलं. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आता बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला शेवटच्या न्यायाचा प्रसंग पाहा. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला जेवू घातलंत. परका होतो, घरात घेतलंत. आणि ती माणसं गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना माहीतच नव्हतं! आपण कुणाला जेवू घालतोय हे ठाऊक नसलेली माणसं त्या गोष्टीत आत जातात. लक्ष्मीबाईंना मी 'आमच्यातल्या' करून घेणार नाही. काही पंडितांनी अशा माणसांना 'अनामिक ख्रिस्ती' असं नाव दिलं होतं, ते मला कधी रुचलं नाही, समोरच्याला न विचारता त्याच्या नावावर शिक्का मारल्यासारखं वाटतं. पण त्या नरकात आहेत असं म्हणायला माझ्या धर्माने मला जागाच ठेवलेली नाही.

किती नाही, ते ऐका. दोन हजार वर्षांत कॅथलिक चर्चने हजारो माणसांना संत म्हणून जाहीर केलं, म्हणजे ती स्वर्गात आहेत असं सांगितलं. नरकात आहे असं मात्र एकाही माणसाबद्दल नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. येशूला तीस नाण्यांना विकणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही.

आता काकू.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आम्ही खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. काकू वरच्या माळ्यावर. रात्री अडीचला त्यांनीच दार वाजवलं. मी पोरांच्या वह्या, गॅसची टाकी, गाद्या असं काय काय वर चढवत होते. काकू गुडघाभर पाण्यातून आत आल्या, भिंतीवरचा क्रूस काढला, पदरात गुंडाळला आणि वर नेऊन आपल्या देवघरात गणपतीशेजारी ठेवला. "देवाला ओल्यात ठेवू नये," एवढंच म्हणाल्या. चार दिवस आम्ही सात माणसं त्यांच्या दोन खोल्यांत होतो. पिठलं आणि भात, भात आणि पिठलं. सकाळी त्या निरांजन लावायच्या तेव्हा त्या क्रूसालाही ओवाळायच्या.

नाताळला त्या दरवर्षी चर्चमध्ये यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या. एकदा वेदीवरच्या क्रूसाकडे बघत मला म्हणाल्या, "याला अजून वर का ठेवलाय गं? खाली घ्या की त्याला." मला काही बोलता आलं नाही. तीस वर्षं मी त्या क्रूसाकडे पाहते आहे, मला असं कधी वाटलं नव्हतं.

कुणी म्हणेल, काकूंनी ख्रिस्ताचं नाव ऐकलं होतं, चर्च पाहिलं होतं, मग अज्ञान कुठलं? व्हितोरिया यांचं उत्तर मी वर दिलंच आहे, नाव ऐकणं म्हणजे कळणं नव्हे. १९६५ चाच आणखी एक दस्तऐवज सांगतो की श्रद्धावंतांच्या वागण्यामुळेही देवाचा खरा चेहरा लोकांपासून झाकला जातो. काकूंना माझ्यातून किती ख्रिस्त दिसला, हा हिशेब माझ्याकडे मागितला जाईल, त्यांच्याकडे नाही.

या सगळ्यावर एक साधी कसोटी आहे. नरकात गेलेल्यासाठी आम्ही प्रार्थना करत नाही, उपयोगच नसतो. स्वर्गात पोहोचलेल्याला तिची गरज नसते. प्रार्थना होते ती वाटेवरच्यांसाठी. आता चर्चच्या कायद्याचं ९०१ वं कलम पाहा : धर्मगुरूला कुणासाठीही मिस्सा अर्पण करता येते, जिवंत असो वा मृत. 'बाप्तिस्मा झालेल्या' असा शब्द तिथे नाही. बाप्तिस्मा न झालेला प्रत्येक मृत नरकातच आहे असं चर्च मानत असतं, तर या कलमाला अर्थच उरला नसता. मिस्सातल्या चौथ्या मुख्य प्रार्थनेतही धर्मगुरू अशा सर्व मृतांची आठवण करतात, ज्यांची श्रद्धा एका देवालाच ठाऊक आहे. ती ओळ मी लहानपणापासून ऐकत आले. तिच्यात आता मला काकूंचा चेहरा दिसतो.

दहाव्यानंतरच्या शनिवारी मी चर्चच्या ऑफिसात गेले. मिस्सा कुणासाठी, ते लिहायची वही टेबलावर होती. फादरांनी नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मान वर करून पाहिलं, कारण नाव आमच्यातलं नव्हतं. मी म्हटलं, शेजारच्या काकू. त्यांनी पेन टेकवलं, क्षणभर थांबले आणि विचारलं, "नावाआधी 'कै.' लिहू ना? त्यांच्या घरचे वाचतील तर बरं वाटेल." आणि त्या वहीत, इतर नावांच्या रांगेत, निळ्या शाईत 'कै.' लिहून पुढे काकूंचं पूर्ण नाव लिहिलं. त्या पानाचा फोटो मी मैत्रिणीला पाठवला. तिच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर ते होतं, हे सगळं लिखाण नंतरचं.

मिस्सा येत्या रविवारी सकाळी साडेसातला आहे. ती येणार आहे. येताना आईच्या कुंडीतली जास्वंद आणली तर चालेल का, असं तिने विचारलंय. चालेल म्हणून कळवलं.